कागदी विमान, खरं विमान आणि फळ्यावरची माझी चूक : आयलेरॉन ट्रिम समजून घेऊ या



मागच्या सत्रात चौथीच्या वर्गात कागदी विमानांचा तास घेतला. तास तसा साधाच. जुन्या वहीची पानं, प्रत्येकाचं एक विमान आणि व्हरांड्यात खडूने मारलेली सरळ रेघ. कोणाचं विमान रेघेवरून जातं ते बघायचं. एकतीस विमानांपैकी सरळ गेली फक्त चार. बाकीची कुठे जातील याचा नेम नाही. कुणाचं डावीकडे वळून भिंतीवर, कुणाचं गिरकी घेऊन परत फेकणाऱ्याच्याच पायाशी.

मग एका मुलाने कुणाला न सांगता पंखाची मागची कड बोटाने जराशी वर मुडपली. विमान सरळ गेलं! पाच मिनिटांत सगळा वर्ग कडा मुडपायला लागला. आणि त्याच मुलाने विचारलं, "बाई, खऱ्या विमानाची पण अशी कड मुडपतात का?"

खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. पण माझा एक मावसभाऊ अमेरिकेत टेक्सासला असतो आणि गेली काही वर्षं घराच्या गॅरेजमध्ये स्वतः विमान बनवतो आहे. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "हो, मुडपतात की! सध्या माझं तेच काम चाललंय." दुसऱ्या दिवशी मी मोठ्या उत्साहाने फळ्यावर आकृती काढून खऱ्या विमानाचं सगळं समजावून दिलं. आणि ते चुकीचं समजावलं. कसं ते पुढे सांगतेच. तुम्ही हा तास घेणार असाल तर तीच चूक तुमच्याकडून होऊ नये, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहिते आहे.

घरी विमान? खरंच?

मुलं हा प्रश्न विचारणारच, म्हणून आधी तो घेऊ. अमेरिकेत स्वतः बांधलेल्या विमानांसाठी कायद्यात वेगळा प्रकारच आहे. निम्म्याहून जास्त काम शिकण्यासाठी आणि छंद म्हणून स्वतः केलेलं असलं पाहिजे, ही मुख्य अट. अशा हौशी लोकांची संघटना १९५३ साली विस्कॉन्सिन राज्यात सुरू झाली, आणि त्याच राज्यातल्या ऑशकॉश गावी दरवर्षी त्यांचा मोठा मेळावा भरतो. भावाचं विमान आहे व्हॅन्स कंपनीच्या किटचं, आरव्ही-७. दोन माणसं शेजारी-शेजारी बसतात, पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत २५ फूट, म्हणजे साधारण साडेसात मीटर. आपल्या वर्गखोलीत तिरकं ठेवलं तर कदाचित मावेल! कंपनी पत्रे, रिबेटं, नकाशे पाठवते, जोडायचं आपण. या कंपनीची दहा हजारांहून जास्त विमानं लोकांनी अशी जोडून उडवली आहेत.

आणि आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर कॅप्टन अमोल यादव. मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ साली मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं आणि २०१७ साली त्याची सरकारी नोंदणी झाली. हे सांगितल्यावर वर्गातली अर्धी मुलं मान वर करून आमच्या शाळेच्या गच्चीकडे बघायला लागली.

आयलेरॉन म्हणजे काय?

विमानाच्या दोन्ही पंखांच्या टोकाकडे, मागच्या बाजूला, बिजागरीवर बसवलेली एकेक हलती पट्टी असते. तिला आयलेरॉन म्हणतात. मूळ शब्द फ्रेंच, अर्थ 'छोटा पंख'. दोन्ही पट्ट्या एकमेकींच्या उलट हलतात. वैमानिकाने हातातली दांडी डावीकडे झुकवली की डावी पट्टी वर उठते, उजवी खाली जाते. डाव्या पंखाची उचल कमी होते, उजव्याची वाढते. विमान डावीकडे कलतं.

यासाठी एक झकास युक्ती भावाने सांगितली, ती मुलांना फार आवडली. दांडी मुठीत धरा, अंगठा वर. आता मूठ डावीकडे झुकवा. अंगठा जिकडे दाखवतो तिकडची पट्टी वर उठलेली असली पाहिजे. उड्डाणाआधी वैमानिक ही खात्री करतात. ज्याने विमान स्वतःच जोडलंय त्याने तर डोळ्यांनी बघूनच करायची, कारण दांडीपासून पट्टीपर्यंत सळया आणि कोपरे बरेच असतात. त्यात एक जोड उलटा बसला तर दांडी डावीकडे आणि विमान उजवीकडे. जमिनीवर ही चूक हसण्यासारखी वाटते, आकाशात नाही.

मग ट्रिम कशाला?

सायकलचं उदाहरण घ्या. तुमच्या सायकलचं हँडल डावीकडे ओढ खातंय. शाळेपर्यंत दहा मिनिटं असेल तर काही वाटत नाही. पण वीस किलोमीटर जायचं असेल तर? सतत उजवीकडे जोर लावून मनगट भरून येतं, आणि लक्ष रस्त्यावर राहण्याऐवजी हँडलवर राहतं.

विमानाचंही तसंच. एक पंख जड लागत असेल, म्हणजे दांडी सोडली की विमान आपोआप त्या बाजूला कलत असेल, तर वैमानिकाला सगळा वेळ उलट्या बाजूला दांडी धरून ठेवावी लागते. नकाशा बघायला, रेडिओवर बोलायला, पाणी प्यायला हात मोकळा होत नाही. एकटा असेल आणि ढग आडवे आले तर हा त्रास नुसता त्रास राहत नाही, धोका होतो. ती ओढ काढून टाकण्याची सोय म्हणजे ट्रिम. आपल्या पोरांना ही कल्पना नवी नाही बरं का. पतंग एका बाजूला झुकत असेल तर दुसऱ्या बाजूच्या काडीला चिंधी बांधतात, तेव्हा ती ट्रिमच करत असतात.

पंख जड का लागतो? कारणं दोन जातींची, आणि हा फरक महत्त्वाचा आहे.

पहिली जात कायमच्या दोषांची. हाताने बांधलेल्या दोन पंखांत बारीक फरक राहतो. पट्टी एका बाजूला केसभर वर बसते, एका पंखाला किंचित पीळ असतो. कागदी विमानात आपली घडी वाकडी पडते तसं.

दुसरी जात बदलत्या वजनाची. आरव्ही-७ मध्ये एकटा वैमानिक डाव्या सीटवर बसतो, उजवी रिकामी. म्हणजे डावी बाजू जड. पेट्रोल दोन्ही पंखांतल्या टाक्यांत असतं, मिळून साधारण १५९ लिटर, म्हणजे एका बाजूला ८० लिटरच्या आसपास. विमानाच्या पेट्रोलचं वजन लिटरला साधारण ०.७२ किलो धरतात. आता पाचवी-सहावीच्या मुलांना गणित द्या: एक टाकी भरलेली असेल तर तिच्यातलं पेट्रोल किती किलो? उत्तर ५७ किलोच्या पुढे. एका पंखात एक मोठा माणूस बसल्यासारखंच झालं! या विमानात इंजिन एका वेळी एकाच टाकीतून पेट्रोल घेतं, म्हणून वैमानिक साधारण दर अर्ध्या तासाने टाकी बदलतात. तासाला ३० लिटर लागतं असं धरलं तर अर्ध्या तासात एका पंखातून १५ लिटर, म्हणजे जवळजवळ ११ किलो वजन कमी होतं. बाजारात एका हातातली पिशवी हळूहळू रिकामी होत जावी तसं.

इथे तरफेचा नियमही घेता येतो. ७५ किलोचा वैमानिक मध्यापासून पाव मीटर डावीकडे बसला आहे असं धरू: ७५ गुणिले ०.२५, म्हणजे १८.७५. पेट्रोलचं ११ किलो सव्वा मीटरवर आहे असं धरू: ११ गुणिले १.२५, म्हणजे १३.७५. वजन सातपट कमी, पण मध्यापासून लांब असल्याने परिणाम जवळपास तेवढाच. सी-सॉवर लहान मूल टोकाला बसलं की मोठ्याला उचलतं ते हेच. माझ्या मते पूर्ण विषयात शिकवायला सगळ्यात चांगला भाग हा आहे. पण आमच्या पालकांच्या ग्रुपवर "हे परीक्षेत येणार आहे का?" असा प्रश्न आला तोही नेमका याच भागावर. असो.

फळ्यावरची चूक

आता मुख्य मुद्दा. कागदी विमानात डाव्या पंखाची कड वर मुडपली तर काय होतं? हवा त्या कडेवर आपटून वर वळते, पंख खाली दाबला जातो. विमान डावीकडे कलतं. म्हणजे डावा पंख जड असेल तर डावी कड खाली मुडपायची. सोपं आहे.

मी फळ्यावर खऱ्या विमानाच्या आयलेरॉनला मागे छोटी पट्टी काढली (तिला टॅब म्हणतात) आणि सांगितलं, "डावा पंख जड असेल तर ही टॅब खाली मुडपायची. कागदी विमानासारखंच." मुलांनी वहीत उतरवून घेतलं.

त्या दिवशीचा गृहपाठ होता कार्डशीटचा पंख करून टेबलफॅनसमोर धरून बघायचा. दुसऱ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "बाई, माझ्याकडे उलटं होतंय. टॅब एकीकडे मुडपली की मोठी पट्टी दुसरीकडे जाते." मी तिला काय म्हणाले असेन? "तू उलटं धरलं असशील." वर्ग हसला, ती खाली बसली, आणि आम्ही पुढच्या धड्याला लागलो.

दोन-तीन दिवसांनी रविवारी भावाचा फोन आला. आवाज जरा पडलेला. त्याच्या विमानाची पहिली काही उड्डाणं झाली होती आणि डावा पंख जड लागत होता. त्याने डाव्या आयलेरॉनच्या मागच्या कडेला खालून लाकडाची छोटी पाचर पक्क्या चिकटपट्टीने लावली आणि पुन्हा उडाला. डावा पंख कमी जड लागायच्या ऐवजी जास्तच जड लागायला लागला! संपूर्ण उड्डाण उजवीकडे दांडी दाबून धरत त्याने विमान खाली आणलं. म्हणाला, "अगं, मी पट्टीला पंख समजत होतो. पट्टी तर बिजागरीवर मोकळी आहे!"

आणि मला ती मुलगी आठवली.

नीट बघा काय होतं ते. कागदी विमानाची कड पंखालाच चिकटलेली आहे. ती मुडपली की पंखावरच परिणाम होतो. पण खऱ्या विमानात तीन भाग आहेत: पंख, त्याला बिजागरीने जोडलेली पट्टी, आणि पट्टीच्या टोकाला टॅब. टॅब वर मुडपली की हवा टॅबला खाली दाबते. टॅब पट्टीला घट्ट आहे, म्हणून पट्टी खाली झुकते. पट्टी खाली गेली की त्या पंखाची उचल वाढते आणि पंख वर येतो. कागदी विमानाच्या बरोबर उलट!

"एवढीशी टॅब एवढ्या मोठ्या पट्टीला कशी हलवते?" हा प्रश्न येईलच. वर्गाचं दार दाखवा. बिजागरीजवळ ढकलून बघायला सांगा, मग कडीजवळ एका बोटाने. टॅब लहान असली तरी बिजागरीपासून सगळ्यात लांब असते.

सोमवारी वर्गात जाऊन पहिल्यांदा त्या मुलीला तिचा कार्डशीटचा पंख पुन्हा आणायला सांगितलं. शाळेत टेबलफॅन नव्हता, तो मी घरून नेला. तिने सगळ्यांसमोर करून दाखवलं. मग मुलांनी वहीतली आकृती खोडली, मी फळ्यावरून नवी काढली. एक जण म्हणाला, "बाई, तुमचं पण चुकतं?" मी हो म्हटलं. त्यावर तो म्हणाला, "मग माझे भागाकार..." तो विषय वेगळा!

हा प्रयोग करायचा असेल तर

पंख आडवा धरला तर पट्टी स्वतःच्या वजनाने लोंबते आणि काही कळत नाही. आमच्या वर्गात अर्ध्या जणांचं यामुळेच फसलं होतं. म्हणून सगळं उभं करा, दारासारखं. साधारण १५ सेंटिमीटर उंच आणि १० सेंटिमीटर रुंद कार्डशीट दोन लाकडी पट्ट्यांमध्ये किंवा थर्माकोलच्या खाचेत उभं करा. हा झाला पंख. त्याच्या मागे तेवढ्याच उंचीची ५ सेंटिमीटर रुंद पट्टी, मध्ये अगदी बारीक फट ठेवून, एकाच बाजूने पातळ सेलोटेपने जोडा. पट्टी हलकेच फुंकलं तरी हलली पाहिजे. नाही हलली तर टेप जाड आहे. पट्टीच्या मागच्या कडेला मधोमध दीड सेंटिमीटरची टॅब कापून ठेवा.

पंखा मीटर-सव्वा मीटर लांब, कमी वेगावर. आधी टॅब सरळ ठेवून पट्टी मधोमध राहते का बघा. मग टॅब डावीकडे मुडपा. पट्टी उजवीकडे जाईल. मुलांना आधी अंदाज वहीत लिहायला लावा, मगच पंखा सुरू करा. पंख्याला जाळी असेलच, तरी पंख्याजवळ मोठ्या माणसाने थांबावं.

भावाने पुढे काय केलं

इथे त्याचा क्रम सांगते, कारण तो शिकण्यासारखा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलली की तपासायची, लिहून ठेवायची. विज्ञानाच्या प्रयोगात आपण हेच तर सांगतो.

आधी शेपटीकडचं काम. विमान हवेत थोडं तिरकं सरकत असेल तर पंख जड असल्याचा भास होतो. समोरच्या वाकड्या काचनळीत एक गोळी असते, गवंड्याच्या लेव्हलमधल्या बुडबुड्यासारखी. गोळी मध्यावर नसेल तर पंखाला हात लावायचा नाही, आधी ती मध्यावर आणायची. त्याची गोळी उजवीकडे सरकलेली होती. शेपटीच्या उभ्या पट्टीला डाव्या बाजूने पाचर लावल्यावर मध्यावर आली. (ही पाचर मात्र त्याने बरोबर बाजूला लावली होती, कंपनीच्या कागदात बघून!)

मग वजनाचा परिणाम वेगळा काढला. नव्या घरबांधणीच्या विमानात पहिले २५ किंवा ४० तास, कोणतं इंजिन बसवलंय त्यावर, प्रवासी नेता येत नाही. म्हणून उजव्या सीटवर वाळूच्या पिशव्या पट्ट्यांनी गच्च बांधल्या, दांडीच्या वाटेत येणार नाहीत अशा. दोन्ही टाक्या सारख्या भरल्या. आता डावा पंख कमी जड लागला, पण लागलाच. म्हणजे उरलेला दोष विमानाचा स्वतःचा होता.

जमिनीवर दोन्ही आयलेरॉन एकाच पातळीत आहेत का, सळयांच्या टोकांचे नट घट्ट आहेत का, पंखाच्या आतल्या बाजूच्या मोठ्या पट्ट्या, म्हणजे फ्लॅप, दोन्हीकडे सारख्या वर बसतात का, सगळं तपासलं. एक फ्लॅप जरी थोडा खाली राहिला तरी त्या बाजूची उचल वाढते. त्याचं तिथे काही चुकलेलं निघालं नाही.

मग पाचर, या वेळी डाव्या आयलेरॉनच्या वरून. पहिली १५ सेंटिमीटर लांबीची. आता उजवा पंख किंचित जड! कापून ती ११ केली, मग ९. हवा शांत असते म्हणून प्रत्येक वेळी पहाटे उड्डाण, नेहमीच्या प्रवासाच्या वेगाला आणायचं, दांडी सोडायची, घड्याळ बघत किती वेळात किती कलतं ते मोजायचं. वेग महत्त्वाचा, कारण हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला तर टॅबवरचा जोर चौपट. म्हणून एका वेगाला जुळवलेली पाचर दुसऱ्या वेगाला थोडी कमी-जास्त वाटणारच.

याच विमानांत आणखी एक पद्धत आहे, हलक्या बाजूच्या आयलेरॉनची मागची कड लाकडी ठोकळ्यांमध्ये धरून अगदी हलकेच चिमटायची. त्याने ती टाळली. एकदा जास्त चिमटलं गेलं की पत्रा परत पहिल्यासारखा फुगवणं अवघड असतं. मला विचाराल तर बरोबरच केलं.

पाचर कायमची चिकटवण्याआधी त्याने ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली. सहा ग्रॅम. एवढं कशाला? आयलेरॉनच्या मागच्या टोकाला वजन वाढवणं ही गमतीची गोष्ट नाही. पट्टीचा मागचा भाग जड झाला तर जास्त वेगात ती फडफडायला लागू शकते, दोरीवर वाळत घातलेलं कापड वाऱ्यात फडफडतं तशी, आणि ही फडफड काही क्षणांत पंख मोडू शकते. म्हणून आयलेरॉनच्या पुढच्या भागात मुद्दाम वजन भरलेलं असतं. आरव्हीमध्ये त्यासाठी चक्क एक लोखंडी पाइप असतो. मागे काही लावायचं तर तोल बिघडत नाही ना हे तपासूनच.

बदलत्या वजनासाठी स्प्रिंग

पाचरीने कायमचा दोष गेला. पण पेट्रोल कमी-जास्त होणार, कधी शेजारी कुणी बसणार, कधी नाही. त्यासाठी उडता उडता बदलता येणारी ट्रिम हवी. काही विमानांत आयलेरॉनवरची टॅबच बसल्या जागेवरून हलवता येते. आरव्हीमध्ये त्याहून सोपी युक्ती आहे. आयलेरॉनला हातच लावायचा नाही. सीटखाली, दांडीच्या बुडाशी, दोन बाजूंना दोन स्प्रिंगा जोडायच्या. त्यांचं दुसरं टोक एका छोट्या मोटरच्या दांड्याला. मोटर एका बाजूला सरकली की एक स्प्रिंग जास्त ताणली जाते, दुसरी सैल होते, आणि दांडी तिकडे हलकेच ओढली जाते. जे काम वैमानिकाचा हात करत होता ते आता स्प्रिंग करते. पंखाच्या टोकाला वजन वाढत नाही, आणि मोटर बिघडून एका टोकाला अडकली तरी हाताच्या जोराने स्प्रिंगेवर मात करता येते. ही सोय मला फार आवडली.

बसवताना त्याने तीन गोष्टींवर वेळ घालवला.

एक, स्प्रिंगांचा ताण. मोटर मध्यावर असताना दोन्ही स्प्रिंगा थोड्या ताणलेल्याच हव्यात. मोटर एका टोकाला गेली आणि दांडीही पूर्ण झुकवली तरी कोणतीही स्प्रिंग इतकी सैल पडता कामा नये की तिचा आकडा निसटेल. आकड्यांची तोंडं म्हणूनच बंद करून घेतली.

दोन, दांडीची पूर्ण चाल. ट्रिम डाव्या टोकाला ठेवून दांडी दोन्हीकडे पूर्ण झुकते का, मग ट्रिम उजव्या टोकाला ठेवून पुन्हा. या विमानात आयलेरॉन वर साधारण २५ ते ३२ अंश जातं आणि खाली १५ ते १७. मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक इथे कामाला येतो! हे अंश ट्रिम लावल्यावरही तेवढेच मिळाले पाहिजेत. ट्रिमने दांडीला ओढावं, अडवू नये.

तीन, दिशा. मोटरला पाच बारीक तारा असतात. दोन पांढऱ्या मोटर फिरवण्यासाठी, तीन रंगीत ती कुठे आहे हे समोर दाखवण्यासाठी. दोन पांढऱ्यांत कोणती कुठे जोडायची हे रंगावरून कळतच नाही. अदलाबदल झाली तर मोटर उलटी फिरते, आपल्या सेलवरच्या मोटरचं होतं तसंच. त्याची उलटीच जोडली गेली होती. पण या वेळी त्याने जमिनीवरच, बटण डावीकडे दाबून, खाली उतरून स्वतः आयलेरॉनकडे बघितलं. डावं वर जायला हवं होतं, खाली गेलं होतं. तारा बदलल्या, पुन्हा दाबलं, पुन्हा उतरून बघितलं. मग विमानतळावरच्या दुसऱ्या एका विमान बांधणाऱ्याला बोलावून, आधी काही न सांगता, तेच तपासायला लावलं.

गेल्या महिन्यात वर्गातून व्हिडिओ कॉल केला तेव्हा तो विमानाशेजारी उभा होता. मुलांनी त्याला दांडी हलवायला लावली, अंगठ्याची खूण तपासली, मग ट्रिमचं बटण दाबायला लावलं. त्या मुलीने विचारलं, "काका, ती पाचर कुठे आहे?" त्याने फोन पंखाजवळ नेला. डाव्या आयलेरॉनच्या वरच्या बाजूला, रंगवलेली, नऊ सेंटिमीटरची. मग तिने विचारलं, "आणि काकी शेजारी बसल्या की?" तो म्हणाला, "तेव्हा बटण दोन सेकंद डावीकडे."

तिने ते वहीत लिहून घेतलं, पण आधी स्वतःच्या कार्डशीटच्या पंखावर डावी बाजू कोणती ते ताडून बघितलं.